टाकळा: कोवळ्या पानांची भाजी आणि भाजलेल्या बियांचा चहा

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. घरामागच्या पडीक जागेत दर पावसाळ्यात टाकळा माजतो आणि सासूबाई त्याच्या पाल्याची भाजी करतात. ती भाजी केव्हापर्यंत खुडावी आणि तिचा उग्र वास कसा घालवावा, ही पहिली. याच झाडाच्या बिया भाजून त्यांचा चहा किंवा कॉफीसारखे पेय करतात असे आपल्या कानावर आले आहे. ते कसे करावे आणि बद्धकोष्ठतेचा त्रास असलेल्या सासऱ्यांना ते रोज दिले तर चालेल का, ही दुसरी. मी बरीच वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले आणि त्याहून अधिक वर्षे तळकोकणात रानभाज्या खुडण्यात, रांधण्यात आणि इतरांना त्यांची ओळख करून देण्यात घालवली. त्या आधारावर सुरुवातीलाच सांगते की टाकळ्याचे पान हे अन्न आहे आणि ते मोकळ्या मनाने खावे, पण टाकळ्याचे बी औषधाच्या अंगाने जाणारे आहे आणि ते हात राखूनच वापरावे. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे लोक पाल्याला नाहक घाबरतात आणि बिया मात्र बेफिकीरपणे उकळतात.

आधी झाडाविषयी थोडे सांगते. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात टाकळा, विदर्भात तरोटा, गोव्यात तायकिळो, छत्तीसगडकडे चरोटा आणि संस्कृतात चक्रमर्द किंवा दद्रुघ्न ही सगळी एकाच झाडाची नावे आहेत. दद्रु म्हणजे गजकर्ण. त्यावर याच्या पानांचा किंवा बियांचा लेप लावण्याची रीत जुनी आहे आणि नाव त्यावरूनच पडले आहे. शास्त्रीय नाव पूर्वी कॅसिया टोरा होते, आता सेना टोरा असे आहे. काष्ठौषधींच्या पाकिटांवर अजूनही दोन्ही नावे दिसतात, त्यामुळे गोंधळून जाऊ नये. गुरे या झाडाला सहसा तोंड लावत नाहीत. म्हणूनच चराईने उजाड झालेल्या माळावर, रस्त्याच्या कडेला आणि पडक्या घरांच्या जोत्यावर इतर काही उरले नाही तरी टाकळा गुडघाभर वाढलेला असतो.

ओळख पक्की करण्यासाठी एक झाड उपटून हातात घ्यावे. पानाला बहुधा पर्णिकांच्या, म्हणजे एकाच दांड्यावरच्या छोट्या पानांच्या, तीन जोड्या असतात; चार क्वचितच आणि वाढलेल्या झाडावर दोनही क्वचितच दिसतात. पर्णिकेचे टोक गोलसर असते, देठाकडची बाजू निमुळती असते आणि शेंड्याकडची जोडी सर्वांत मोठी असते. खालच्या जोड्यांच्या मधोमध, मधल्या दांड्यावर, टाचणीच्या टोकाएवढी केशरी ग्रंथी उभी दिसते. ती दिसली नाही तर पान उजेडासमोर धरून पुन्हा पाहावे. पान चुरगळले की उग्र वास येतो. दिवस कलला की समोरासमोरच्या पर्णिका एकमेकींना चिकटून मिटतात आणि सारे झाड झोपी गेल्यासारखे दिसते. संध्याकाळी खुडायला गेलेल्या नवख्या माणसाला वाटते की पाला सुकला आहे; तो सुकलेला नसतो, पण मिटलेल्या पानांत किडा-अळी दिसत नाही, म्हणून खुडणी सकाळीच करावी. पुढे पानांच्या बेचक्यात पिवळी फुले येतात आणि मग वीतभर लांब, काडीसारख्या बारीक, किंचित विळ्यासारख्या वळलेल्या शेंगा लागतात.

आता पाल्याचे सांगते. पहिला दमदार पाऊस झाला की आठवड्याभरात टाकळ्याची रोपे दाटीवाटीने वर येतात. ती बोटभर ते वीतभर उंचीची असताना जी भाजी होते तिला तोड नाही. त्यानंतरही फुले येईपर्यंत, म्हणजे साधारण श्रावणापर्यंत, शेंड्याची वरची दोन-तीन पाने खुडून भाजी करता येते. मात्र झाड मोठे होत जाते तसा पाला चिवट, कडसर आणि अधिक सारक होतो. कळी दिसली की मी खुडणे थांबवते. आपल्या सासूबाई कोवळी रोपे मुळासकट उपटून आणत असतील तर त्यात काही चूक नाही, कारण दाटीतली बरीचशी रोपे पुढे आपोआपच मरतात. पण शेंडे खुडले तर त्याच झाडाला बगलेतून नवे फुटवे येतात आणि पंधरा दिवसांनी दुसरी भाजी मिळते.

खुडण्याची जागा काळजीपूर्वक निवडावी. वाहत्या रस्त्याच्या कडेचा, उकिरड्याजवळचा आणि सांडपाण्याच्या गटारालगतचा टाकळा कितीही टवटवीत दिसला तरी सोडून द्यावा. हल्ली बांधावर आणि बागांत सर्रास तणनाशक मारतात आणि फवारणीनंतरचे पहिले काही दिवस पाला हिरवाच दिसतो, म्हणून दुसऱ्याच्या जागेत खुडण्यापूर्वी मालकाला विचारावे.

उग्र वासाबद्दल आपण विचारले आहे. तो वास शिजताना उडून जातो, पण त्याला उडून जायला वाट द्यावी लागते. बहुतेकांची चूक अशी होते की पाला कढईत टाकला की लगेच झाकण ठेवतात. मग तोच वास वाफेबरोबर परत भाजीत मुरतो आणि हिरवा रंगही काळपट होतो. मी पाला देठांवरून ओरबाडून घेते, तीन पाण्यांतून धुते, निथळून बारीक चिरते आणि पहिली चार-पाच मिनिटे कढई पूर्ण उघडी ठेवून मध्यम आचेवर परतते. पाल्याचे पाणी सुटून आटू लागले आणि नाकाला तो रानवट दर्प जाणवेनासा झाला की मगच झाकण ठेवते. पाला थोडा जून असेल तर चिरण्याआधी उकळत्या पाण्यात दोन मिनिटे बुडवून ते पाणी टाकून द्यावे. कोवळ्या पाल्याला मात्र असे करू नये, त्याची चव धुऊन निघते.

आमच्याकडे टाकळा आणि फणसाच्या आठळ्या यांची जोडी ठरलेली आहे, आणि ती केवळ सवयीने ठरलेली नाही. जूनमध्ये टाकळा उगवतो तेव्हा फणस संपत आलेला असतो आणि मातीत पुरून किंवा राखेत घोळून ठेवलेल्या आठळ्या घरात असतात. पाल्याचा किंचित कडवट तुरटपणा आणि आठळीचा पिठूळ गोडवा एकमेकांना सावरून घेतात. चिरलेला पाला चार मोठ्या मुठी असेल तर दहा-बारा आठळ्या घ्याव्यात, त्या ठेचून वरचे पांढरे टरफल काढावे, मीठ घालून उकडाव्यात आणि प्रत्येकीचे चार तुकडे करावेत. दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, ठेचलेल्या सात-आठ लसूणपाकळ्या आणि तीन हिरव्या मिरच्या घालाव्यात, एक मोठा कांदा चिरून गुलाबी होईपर्यंत परतावा, हळद घालावी आणि मग पाला टाकावा. वर सांगितल्याप्रमाणे उघड्या कढईत परतून झाल्यावर आठळ्या, मीठ आणि सुपारीएवढा गूळ घालून झाकण ठेवावे व मंद आचेवर पाच मिनिटांची एक वाफ काढावी. उतरवताना अर्धी वाटी ओले खोबरे घालावे. चार मुठी पाल्याची भाजी शिजून जेमतेम दोन माणसांना पुरेल एवढीच होते, हे मात्र आधीच ध्यानात ठेवावे. आठळ्या नसतील तर दोन तास भिजवलेली हरभऱ्याची डाळ किंवा मुगाची डाळ घालावी. तांदळाच्या भाकरीबरोबर ही भाजी जशी लागते तशी पोळीबरोबर लागत नाही, असे माझे मत आहे.

याशिवाय बारीक चिरलेला पाला थालिपिठाच्या भाजणीत मळता येतो, तुरीच्या वरणात शिजवून वर लसणाची फोडणी देता येते, बेसनात कालवून त्याची भजी तळता येतात. वर्षातून पहिल्यांदा खाणाऱ्याने पहिल्या दिवशी बेताने खावी, कारण पाला सौम्य सारक आहे आणि काहींना त्याने पोट हलके वाटते, तर काहींना दोन वेळा अधिक जावे लागते.

पाला वाळवून त्याचा चहा करावा असेही कोणी सुचवतात. मी तो करून पाहिला आहे. वाळल्यावर उग्रपणा राहतो आणि स्वाद मात्र उरत नाही. पाल्याला कढईच योग्य आहे. चहा करायचा तो बियांचाच.

आणि इथेच सर्वांत अधिक सावध राहायला हवे, म्हणून थोडे थांबून सांगते. टाकळ्याच्या शेजारी, त्याच पडीक जमिनीत, त्याच ऋतूत आणखी एक पिवळ्या फुलांचे झाड वाढते. त्याला कासविंदा म्हणतात; आणि अडचण अशी की त्याचे दुसरे मराठी नाव रानटाकळा असे आहे. नाव ऐकून कोणालाही वाटेल की हा आपल्याच टाकळ्याचा रानातला भाऊ असेल. त्याच्या बिया, विशेषतः लहान मुलांनी खाल्ल्या तर, यकृत, स्नायू आणि मेंदू यांना घातक ठरतात. पश्चिम उत्तर प्रदेशात पावसाळा संपता संपता लहान मुले दगावण्याचे प्रकार अनेक वर्षे होत होते आणि तो विषाणूजन्य मेंदूज्वर समजला जात होता. कासविंद्याच्या शेंगा खाल्ल्याने होणारी ती विषबाधा आहे, हे डॉक्टरांनी 2007 च्या सुमारास दाखवून दिले. 2016 साली ओडिशातील मलकानगिरी जिल्ह्यात मोठ्या संख्येने मुले मृत्युमुखी पडली, तेव्हाही तज्ज्ञांनी बोट याच झाडाकडे दाखवले. तिथेही दोन्ही झाडांच्या नावांत फक्त लहान-मोठ्याचा फरक आहे: टाकळ्याला साना चकुंडा आणि कासविंद्याला बडा चकुंडा म्हणतात.

ही दोन झाडे वेगळी ओळखणे कठीण नाही, फक्त पाहण्याची सवय हवी. कासविंद्याला पर्णिकांच्या चार ते सहा जोड्या असतात आणि त्या भाल्याच्या पात्यासारख्या टोकदार असतात. त्याची ग्रंथी पर्णिकांच्या मध्ये नसून पानाच्या देठाच्या अगदी बुडाशी, खोडालगत, गोल गाठीसारखी असते. त्याची शेंग रुंद, चपटी आणि वर वळलेली असते व तिच्या कडा फिकट दिसतात. बी हातात घेतले तर फरक आणखी स्पष्ट होतो. टाकळ्याचे बी लांबट, कोनदार आणि चकचकीत तपकिरी असते, दोन्ही टोकांना कोणी तिरके छाटल्यासारखे दिसते आणि बोटांत फिरवले की त्याच्या कडा लागतात. कासविंद्याचे बी चपटे, गोलसर आणि मळकट रंगाचे असते. काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका बाईंनी मोठ्या प्रेमाने मला किलोभर टाकळ्याचे बी निवडून आणून दिले. मी ते परातीत पसरले आणि हात फिरवला, तर कोनदार दाण्यांतून मधूनच काहीतरी गुळगुळीत, नाण्यासारखे चपटे बोटाखालून सरकले. वेचून काढले तेव्हा मूठभर कासविंदा निघाला. त्या बाई रानात वाढलेल्या होत्या आणि झाडे उत्तम ओळखत होत्या. पण झाडे वाळली होती, पाने गळून गेली होती आणि त्यांनी शेंगांचा भारा एकत्रच झोडपला होता. तो किलोभर माल मी टाकून दिला, कारण मूठभर वेचून निघाला तरी तुकडे झालेले दाणे किती राहिले असतील हे सांगता येत नव्हते.

म्हणून आपल्या परसातील बी आपणच जमा करावे, हे मला सर्वांत सुरक्षित वाटते. पाने हिरवी असतानाच, म्हणजे भाद्रपदात, तीन जोड्यांची खात्री करून दहा-पंधरा झाडांना सुतळी बांधून ठेवावी आणि कासविंदा दिसला तर उपटून टाकावा. शेंगा तपकिरी होऊ लागल्या की बांधलेल्या झाडांच्याच शेंगा तोडाव्यात, चार दिवस उन्हात वाळवाव्यात, कापडावर झोडपाव्यात आणि सुपात पाखडून घ्याव्यात. त्यानंतर परातीत पसरून एकेक दाणा नजरेखालून घालावा. हे काम चष्मा लावून आणि दिवसाउजेडीच करावे.

भाजणे हा या पेयाचा गाभा आहे. जाड बुडाच्या लोखंडी कढईत वाटीभर बी घेऊन मंद आचेवर सतत उलथत राहावे. पहिली पाच मिनिटे काहीच घडत नाही. मग एखादा दाणा तडकल्याचा आवाज येतो, पाठोपाठ सगळी कढई तडतडू लागते आणि भाजलेल्या हरभऱ्यासारखा वास सुटतो. इथे थांबू नये. तडतड मंदावेपर्यंत, दाणे गडद तपकिरी होईपर्यंत आणि वासात कॉफीची झाक येईपर्यंत भाजावे. एकंदर दहा ते बारा मिनिटे लागतात. दाणा चावून पाहिला तर आतून पिवळा न दिसता तपकिरी दिसला पाहिजे. काळा झाला तर मात्र पेय नुसते जळकट लागते. कढई उतरवून बी ताबडतोब ताटात पसरावे, कारण तापलेल्या लोखंडात ते पुढेही भाजत राहते. भाजण्याने केवळ चव येते असे नाही. बियांमधील अँथ्राक्विनोन गटातील द्रव्ये, जी आतड्याला ढवळून जुलाब घडवतात, त्यांचा काही भाग उष्णतेने मोडतो आणि भाजलेल्या बियांचे पेय कच्च्या बियांच्या काढ्यापेक्षा पुष्कळच सौम्य होते. म्हणून कच्चे बी कधीही उकळू नये.

पुढची पायरी बहुतेकांची चुकते. कॉफीसारखे पेय म्हटले की लोक भाजलेले बी मिक्सरमध्ये बारीक दळतात आणि उकळल्यावर पेय बुळबुळीत झाले म्हणून फेकून देतात. या बियांच्या गाभ्यात डिंकासारखा पदार्थ भरपूर असतो. अन्नप्रक्रिया उद्योगात पदार्थ दाट करण्यासाठी जो कॅसिया गम वापरतात तो याच कुळातील बियांपासून काढतात. बारीक पूड गरम पाण्यात गेली की तो डिंक सुटतो. यावर उपाय असा की बी अखंडच ठेवावे किंवा खलबत्त्यात फक्त दोन-तीन तुकडे होतील इतके जाडसर ठेचावे. दोन कप पाण्याला एक लहान चमचा, म्हणजे चार-पाच ग्रॅम, बी घालून अखंड असल्यास पंधरा मिनिटे आणि ठेचलेले असल्यास सात-आठ मिनिटे मंद आचेवर उकळावे, मग गाळावे. रंग तांबूस सोनेरी येतो, चव भाजलेल्या धान्यासारखी आणि शेवटी किंचित कडसर लागते. त्यात सुंठेचा तुकडा आणि थोडा गूळ चांगला लागतो. दूध घालणारेही आहेत. मला ते न घालता आवडते, कारण दुधाने त्याचा धान्यासारखा स्वाद दबतो. यात कॅफीन नसते, त्यामुळे रात्री घेतले तरी झोप उडत नाही.

हे पेय आपल्याकडे विस्मरणात गेले असले तरी पूर्वेकडच्या देशांत ते नेहमीचे आहे. कोरिया, चीन आणि जपानमध्ये टाकळ्याच्या अगदी सख्ख्या जातीचे, सेना ऑब्ट्युसिफोलियाचे, भाजलेले बी चहासाठी बाजारात मिळते. जपानमधील या चहाचे नाव हाबुचा असून मुळात तो कासविंद्याच्या बियांचा करत असत. आता तो बहुधा या दुसऱ्या जातीच्या बियांचा करतात. परदेशी लेखांत कासविंद्याच्या भाजलेल्या बियांच्या कॉफीचे उल्लेख सापडतात, ते वाचून कोणी तो प्रयोग घरी करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. दक्षिणेत निळीच्या रंगकामात पिंपातील आंबण्याची क्रिया चालू ठेवण्यासाठी टाकळ्याचे शिजवलेले बी घालत असत, हेही जाता जाता नोंदवण्यासारखे आहे; या बियांना आपल्या लोकांनी अनेक अंगांनी पारखले होते.

आता सासऱ्यांविषयी. बद्धकोष्ठतेसाठी हे पेय रोज द्यावे का, याचे माझे उत्तर नाही असे आहे. भाजल्यानंतरही ती सारक द्रव्ये काही प्रमाणात शिल्लक राहतात. अशी द्रव्ये मोठ्या आतड्याला चेतवून काम करतात. रोज घेत राहिल्यास आतड्याला त्यांची सवय लागू शकते आणि जुलाब होत राहिल्यास शरीरातील पोटॅशियम कमी होते. वयस्क माणूस रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन घेत असेल तर पोटॅशियम कमी होणे धोक्याचे ठरते. त्यांची औषधे कोणती आहेत हे आपण लिहिलेले नाही, म्हणून आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारावे. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही तर आठवड्यातून दोन-तीन वेळा, एका वेळी एक कप, आणि सलग महिनाभर चालवायचे नाही, इतकी मर्यादा मी ठेवेन. बद्धकोष्ठतेवर त्यांना पाणी, चालणे आणि याच मोसमातील पालेभाज्या अधिक उपयोगी पडतील. टाकळ्याची भाजी त्यांना आठवड्यातून एक-दोनदा अवश्य वाढावी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, लहान मुले, पोट बिघडलेली माणसे आणि यकृताचा आजार असलेले यांनी बियांचे पेय घेऊच नये. कोणालाही ते घेतल्यावर पोटात मुरडा आला, उलटी झाली किंवा लघवीचा रंग गडद झाला तर ते तत्काळ बंद करून उरलेले बी सोबत घेऊन दवाखान्यात जावे, म्हणजे डॉक्टरांना काय पोटात गेले ते कळेल.

भाजलेले बी पूर्ण गार झाल्यावर काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे आणि महिन्याभरात संपवावे. त्यापुढे त्याचा सुवास जातो, म्हणून एका वेळी वाटीभरच भाजावे. कच्चे बी कोरडे राहिले तर वर्षभर टिकते. त्या बरणीवर नाव आणि गोळा केल्याची तारीख लिहून ती मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवावी, आणि परसातला कासविंदा मात्र शेंगा धरण्यापूर्वीच उपटून काढावा, मग आपण टाकळ्याचे बी गोळा करणार असाल वा नसाल.